लक्षद्वीपला जायचं तर आधी पोलीस ठाणं

फेब्रुवारीत लक्षद्वीपमधल्या अगत्ती बेटावर जाऊन आल्यापासून सोसायटीत, ऑफिसात, लग्नकार्यात, जाईन तिथे एकच प्रश्न: "परमिटचं कसं केलंत?" परमिट म्हणजे तिथे जायला लागणारा प्रवेश परवाना. मासे दिसले का, हे त्यानंतर. प्रत्येकाला फोनवर सांगून घसा बसला, म्हणून जे जसं घडलं तसं, त्याच क्रमाने लिहून टाकते. नियम अधूनमधून बदलतात, तेव्हा अर्ज भरण्याआधी लक्षद्वीप प्रशासनाच्या ई-परमिटच्या संकेतस्थळावर एकदा नजर टाका.

आम्ही तिघं. मी आणि नवरा मुलुंडचे, माझी ताई दादरची. ताई शाळेतून निवृत्त झालेली, साठीला टेकलेली, गुडघेदुखी सोबतीला. पोहता येतं ते फक्त नवऱ्याला, तेही गावच्या विहिरीत शिकलेलं. मला उणे पाचचा चष्मा. काही वर्षांपूर्वी मालवणला स्नॉर्केलिंग, म्हणजे तोंडात नळी धरून पाण्यावर पालथं तरंगत मासे बघणं, केलं होतं, तेव्हा चष्मा होडीत काढून ठेवावा लागला. पाण्याखाली हिरवं-पिवळं काहीतरी हललं, एवढीच त्याची आठवण. मासे नीट, कडेसकट बघायचे हे तेव्हापासून मनात होतं.

लक्षद्वीपचं नाव जानेवारी 2024 मध्ये पंतप्रधानांच्या फोटोंनंतर एकदम सगळ्यांच्या तोंडी आलं. तेव्हा आमच्याही ग्रुपवर पन्नास लोक "चला चला" म्हणाले आणि परमिटचं कळल्यावर पन्नासही गप्प झाले. आम्ही तो गलका ओसरू दिला.

परमिट का, तर ही बेटं फार लहान आहेत. एकूण 36, त्यातली वस्ती असलेली 10, आणि सगळ्यांचं क्षेत्रफळ मिळून 32 चौरस किलोमीटर. म्हणजे बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाच्या निम्म्याहूनही कमी. बेटांवर जन्मलेले मूळ रहिवासी अनुसूचित जमातीत मोडतात, आणि बाहेरच्या माणसाने तिथे केव्हा, कुठे, किती राहायचं यावर 1967 च्या नियमांचं बंधन आहे. आपण भारतीय असलो तरी. गोड्या पाण्याचंही तसंच आहे. वाळूखाली खाऱ्या पाण्यावर तरंगणारा पावसाच्या पाण्याचा पातळ थर, एवढाच नैसर्गिक साठा. हे समजून घेतलं की कागदांचा राग निम्मा उतरतो. माझा तरी उतरला.

नोव्हेंबरमध्ये सुरुवात केली ती चारित्र्याच्या दाखल्यापासून. याला पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट किंवा नुसतं पीसीसी म्हणतात. पासपोर्ट कार्यालयातून मिळणारं पीसीसी वेगळं, ते परदेशासाठी. आपल्याला हवं ते राज्य पोलिसांचं, आपण राहतो त्या आयुक्तालयाचं. अर्ज ऑनलाइन. फोटो, ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा अपलोड करायचा, फी माणशी सव्वाशेच्या आसपास. फाइलच्या आकाराची मर्यादा मोठी चिवट असते. स्कॅन केलेलं आधार कार्ड लहान करता करता एक अख्खी संध्याकाळ गेली. अर्जात कारण लिहायची जागा असते, तिथे नुसतं "प्रवास" न लिहिता "लक्षद्वीप प्रवेश परवान्यासाठी" असं स्पष्ट लिहा.

पुढचं काम स्थानिक ठाण्याचं. आठवड्याभरात फोन आला, मूळ कागद घेऊन या. टेबलामागचे हवालदार सभ्य होते, फक्त कोड्यात पडलेले.

"कुठे जायचंय मॅडम?"

"लक्षद्वीपला."

"ते भारतातच आहे ना?"

"हो."

"मग दाखला कशाला?"

मी 1967 पासून सुरुवात केली. त्यांनी दोन वाक्यं ऐकली, शेजारच्या सहकाऱ्याकडे बघितलं आणि मग नवऱ्याला हळूच विचारलं, "तिकडे दारूबंदी आहे म्हणे?" आहे. वस्तीच्या बेटांवर दारू नाही, फक्त बंगारम या पर्यटन बेटावर मिळते. ही माहिती मिळाल्यावर त्यांनी मोठ्या सहानुभूतीने आमच्या कागदांवर सही केली.

आमचे दाखले डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात डाउनलोड झाले. ताईचं मात्र अडलं. तिच्या हद्दीत पडताळणीचा फोनच येईना, आणि अर्जाची स्थिती रोज तीच. शेवटी ती अर्जाची प्रत आणि कागदांचा संच घेऊन स्वतः जाऊन बसली. तिथे कळलं की अर्ज पोहोचलाय, फक्त कोणाकडे द्यायचा ते ठरत नव्हतं. निवृत्त शिक्षिका समोर बसल्यावर ठरलं. दोन आठवडे वाट बघून काही हललं नाही, तर प्रत्यक्ष जा. शक्यतो सकाळी अकराच्या सुमाराला, बंदोबस्ताचे दिवस सोडून.

आता परमिट. यासाठी एकतर सरकारी पर्यटन संस्था 'स्पोर्ट्स' किंवा एखाद्या एजंटाचं पॅकेज घ्यायचं, नाहीतर बेटावरचा कोणीतरी रहिवासी तुमचा प्रायोजक व्हायला हवा. जहाजाचं पॅकेज आम्ही सोडून दिलं. जहाज प्रवाळाच्या भिंतीबाहेर खोल पाण्यात थांबतं आणि तिथून हलत्या होडीत उतरावं लागतं. ताईचे गुडघे त्याला तयार नव्हते. नवऱ्याच्या ऑफिसातल्या एका मल्याळी सहकाऱ्याच्या ओळखीने अगत्तीवर घरगुती मुक्काम देणारे एक गृहस्थ मिळाले. त्यांनी प्रायोजक म्हणून आपलं घोषणापत्र पाठवलं. आमचे अर्ज, फोटो, ओळखपत्रं, पीसीसी सगळं ऑनलाइन गेलं. अर्जाची फी आणि हेरिटेज फी मिळून माणशी काहीशे रुपये.

यजमानांनी इथे एक फार मोलाची गोष्ट सांगितली. परमिट बेटाबेटाचं असतं. अगत्तीला उतरून शेजारच्या बंगारम-थिन्नकराला जायचं असेल, तर ती नावंही अर्जातच हवीत. तिथे पोहोचल्यावर "हे पण बघून येतो" चालत नाही. आणि तारखा जरा सैल मागा. आम्ही जायच्या दोन दिवस आधीपासून परतल्यावर दोन दिवसांपर्यंत मागितल्या होत्या, कारण हवा बिघडली की छोटी विमानं उडत नाहीत.

खरा पेच तिकिटांचा. कोचीहून अगत्तीला जाणारं विमान सत्तरेक आसनांचं, हंगामात ते भराभर भरतं. परमिट यायच्या आधी तिकीट काढावं तर पैसे बुडायची धास्ती, नंतर काढावं तर जागा नाही. आधी कोंबडी की आधी अंडं. आम्ही मधला रस्ता काढला. तिघांचे पीसीसी हातात आल्यावर आणि यजमानांनी "अर्जात काही त्रुटी नाही" असं कळवल्यावर विमानाची तिकिटं काढली, जास्तीचे पैसे भरून तारीख बदलता येणारी. परमिट जानेवारीच्या मध्यावर ईमेलवर आलं. तोवरचे दिवस मी ईमेल किती वेळा उघडलं ते विचारू नका. एका पानाची पीडीएफ. तिचे पाच-सहा छापील कागद करून घ्या, सगळीकडे दाखवावे लागतात.

कागदांची धास्ती संपली आणि पाण्याची सुरू झाली.

स्नॉर्केलिंगला पोहता यावंच लागतं असं नाही. लाइफ जॅकेट असतं, सोबत माणूस असतो. पण तोंड पाण्यात आणि श्वास तोंडाने, हे शरीराला आधी पटवावं लागतं. आम्ही जानेवारीत मुलुंडच्या 'कालिदास'च्या पोहण्याच्या तलावावर गेलो. पोहायला शिकण्याइतका वेळ नव्हता, नुसतं तरंगायला शिकलो. पालथं पडायचं, मान सैल सोडायची, हात काही करत नाहीत. हे जमायला मला जितका वेळ लागला त्याच्या निम्म्यात ताईला जमलं. प्राणायाम करते, त्याचा फायदा असणार. घरी सरावाला बादली पुरते: स्नॉर्केल तोंडात धरून चेहरा पाण्यात, आणि दोन मिनिटं शांत श्वास. नळीत पाणी आलं की जोरात "फू" करून बाहेर फेकायचं. हे बादलीत अंगवळणी पडलं की समुद्रात धांदल होत नाही.

चष्मेवाल्यांसाठी मुद्दाम सविस्तर. कॉन्टॅक्ट लेन्स घालून पाण्यात उतरू नका, मास्कमध्ये पाणी शिरतंच आणि डोळ्याला संसर्ग होऊ शकतो. नंबरच्या काचांचे मास्क तयार मिळतात, साधारण अर्ध्या-अर्ध्या नंबरच्या फरकाने. मास्कमधून पाण्याखालच्या वस्तू सुमारे एक तृतीयांशाने मोठ्या आणि जवळ दिसतात, त्यामुळे किंचित कमी नंबर चालून जातो. माझा उणे पाच, मी उणे साडेचार घेतला. तीन हजारांच्या आत मिळाला. सगळ्या प्रवासात याच्याइतका वसूल झालेला खर्च दुसरा नाही.

मास्क बसतो का हे बघायची रीत सोपी. पट्टा न लावता चेहऱ्यावर टेकवायचा आणि नाकाने हलका श्वास आत ओढायचा. हात सोडल्यावर तो तसाच चिकटून राहिला पाहिजे. रबरी कडेखाली एक केस जरी आला तरी पाणी झिरपतं, म्हणून बायकांनी केस घट्ट मागे बांधावेत. मिशीवाल्यांचं दुखणं वेगळं. नवऱ्याचा मास्क वरच्या ओठापाशी सारखा गळत होता आणि मिशी काढायला तो तयार नव्हता. शेवटी मिशीला व्हॅसलीन चोपडलं. दिसायला वाईट, पण गळती थांबली. अख्खा चेहरा झाकणारे मास्क टाळा. त्यांत सोडलेली हवाच परत श्वासात जाण्याचा धोका असतो.

पाण्यात उतरायला तोकडे कपडे घालावे लागतील, ही काळजी ताईला होती. ती अगदीच अनाठायी निघाली. बेटावरची वस्ती जवळपास सगळी मुस्लिम आणि जुन्या वळणाची. गावाच्या किनाऱ्यावर तोकडे कपडे चालत नाहीत. पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा टॉप आणि खाली घोट्यापर्यंत लेगिंग, हा वेश तिथे शोभतो आणि उन्हापासून पाठही वाचते. पाण्यात पालथं पडलं की पाठ किती भाजते हे पहिल्या संध्याकाळी कळतं.

फेब्रुवारीत निघालो. कोचीपर्यंत ट्रेनने, कल्याणहून मंगला लक्षद्वीप एक्स्प्रेस. नावात लक्षद्वीप असलेली ही गाडी कल्याणहून रोज जाते आणि एर्नाकुलमला संपते. पुढचं तुमचं तुम्ही बघा. सकाळी बसलो, रत्नागिरी-मडगाव करत दुसऱ्या दिवशी सकाळी केरळात. तिकीट एर्नाकुलमचं न काढता आलुव्याचं काढा, कोचीचा विमानतळ तिथून जवळ. विमानाच्या आधीची एक रात्र आलुव्यात काढली. कोकण रेल्वे उशिरा आली तर विमान थांबत नाही.

सामान कमी ठेवा, छोट्या विमानात वजनावर कडक नजर असते. आमच्या तिघांच्या बॅगा मिळून जेमतेम बसल्या. रोख रक्कम मात्र पुरेशी घ्या. फोनला बीएसएनएल आणि एअरटेल चालतात.

विमान साधारण दीड तासाने उतरायला लागलं तेव्हा ताईने माझा हात धरला. अगत्ती हे लांबट, अरुंद बेट, आणि धावपट्टी त्याच्या दक्षिण टोकाला. खिडकीच्या दोन्ही बाजूंना पाणीच दिसतं, जमीन अगदी शेवटी चाकाखाली येते. उतरल्यावर परमिट दाखवा, ओळखपत्र दाखवा, मग यजमानांबरोबर पोलीस ठाण्यात नोंद. तिथल्या पोलिसांनी पीसीसीवरचं मुंबईचं नाव वाचलं आणि पावसाची चौकशी केली. फेब्रुवारीत!

पहिल्या दिवशी आम्हाला खोल पाण्यात नेलंच नाही. यजमानांचा पुतण्या आम्हाला लगूनमध्ये घेऊन गेला. प्रवाळाच्या भिंतीच्या आतलं हे पाणी कंबरेएवढं, संथ, आणि तळ दिसेल इतकं निवळ. काचेवर आतून थुंकी चोळून पाण्याने विसळायची म्हणजे वाफ धरत नाही, हे त्याने दाखवलं. ताईने नाक मुरडलं आणि केलं. मी तोंड पाण्यात घातलं आणि पहिले काही श्वास इतके जोरात घेतले की कानात नळीचाच आवाज. मग तो मंदावला, आणि त्याच्या खालून दुसराच आवाज यायला लागला. बारीक, कुरकुर, कुरकुर. पुतण्याने बोट दाखवलं. निळा-हिरवा पोपटमासा चोचीसारख्या दातांनी खडक खरवडत होता. थोड्या वेळाने त्याच्या मागून पांढरा धुरळा निघाला. ती वाळू. शेवाळासोबत पोटात गेलेलं प्रवाळ तो दळून बाहेर टाकतो, आणि इथल्या पांढऱ्या किनाऱ्यात या माशांचा बराच वाटा आहे. त्याच्या अंगावरची खवल्यांची गुलाबी कड मला स्पष्ट दिसत होती, उणे साडेचारमधून.

कासवं दुसऱ्या दिवशी. हिरवी समुद्री कासवं इथे बरीच, आणि आम्हाला दिसलं ते तळाशी समुद्री गवत खात होतं, कुरणातल्या म्हशीसारखं निवांत. आम्ही तिघं वर तरंगतोय याचं त्याला काही नव्हतं. किनाऱ्यावर आल्यावर यजमान मात्र कासवांवर फारसे खूश दिसले नाहीत. मागच्या काही वर्षांत कासवांनी लगूनमधलं गवत फार खाल्लं, गवत गेलं की त्यात वाढणारे छोटे मासे कमी झाले, म्हणून मच्छीमारांची नाराजी. अभ्यासकांनीही अगत्तीच्या लगूनमध्ये हेच नोंदवलंय. माझ्या डोक्यात कासव म्हणजे नुसतं वाचवायचं, एवढंच होतं.

प्रवाळाबद्दलही खरं ते सांगते. फोटोत दिसतं तसं सगळीकडे रंगीत नाही. मोठे भाग करडे, शेवाळलेले आहेत. समुद्र तापला की प्रवाळ पांढरं पडतं. लक्षद्वीपमध्ये हे 1998, 2010, 2016 आणि पुन्हा 2024 मध्ये झालं. मधेच एखाद्या खडकावर जांभळ्या ओठांचा मोठा शिंपला, एखाद्या समुद्रफुलात विदूषक मासे, आणि पुढे पुन्हा करडं. जे जिवंत आहे त्यावर पाय ठेवू नका. दम लागला तर पाठीवर वळून तरंगा, उभं राहायची घाई नको. प्रवाळाचा तुकडा किंवा समुद्रकाकडी उचलणं हा वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. मेलेला तुकडाही बॅगेत टाकू नका.

थिन्नकरा-बंगारमला होडीने गेलो. वाटेत पाणी चांगलंच उडतं. ॲव्होमिन एक-दोन तास आधी घेतलेली बरी. तिथलं पाणी अगत्तीपेक्षाही निवळ होतं आणि किनाऱ्यावर आम्ही सोडून मोजकीच माणसं. ताईने तिथे लाइफ जॅकेटचा एक पट्टा सैल करायला सांगितला. "घट्ट नको गं, आता पडत नाही मी," म्हणाली.

जेवण रोज कुपा, म्हणजे टूना मासा. कधी कालवणात, कधी तळून, कधी नारळात. शाकाहारी माणसाने तयारीने जावं. भाज्या मुख्य भूमीवरून जहाजाने येतात, जहाज लांबलं की टोमॅटो संपतात. आम्ही मेतकूट आणि भाजणी नेली होती, आणि यजमानीणबाईंना ताईचं मेतकूट इतकं आवडलं की डबा तिथेच राहिला. पिण्याचं पाणी समुद्रापासून बनवलेलं. वरचं कोमट पाणी कमी दाबाखाली वाफ करायचं आणि खोलातून उपसलेल्या गार पाण्याने ती वाफ थंड करायची, असा प्रकल्प अगत्तीवर 2011 पासून आहे. चव काही वेगळी लागली नाही.

खर्च: ट्रेन, आलुव्याची रात्र, कोची-अगत्ती विमान जाऊन-येऊन, घरगुती मुक्काम जेवणासकट, होडी आणि सोबतीचा माणूस, सगळं मिळून माणशी पंचेचाळीस हजारांच्या आसपास. यातला सर्वांत मोठा वाटा विमानाचा. परतीला आम्ही कोचीहून मुंबई विमानाने आलो, ताईला दुसऱ्या दिवशी लग्नाला जायचं होतं. वेळ असेल तर ट्रेनने या, तीन-चार हजार वाचतात. मे उजाडायच्या आत जाऊन या. पावसाळ्यात लगूनसुद्धा खवळतं आणि होड्या बंद असतात.

भाड्याने राहणाऱ्यांचे बरेच प्रश्न आलेत. पत्त्याचा पुरावा म्हणून नोंदणी केलेला भाडेकरार लागतो, नुसता स्टॅम्प पेपरवरचा चालवून घेत नाहीत. आधारवर गावाचा पत्ता असला तरी अर्ज सध्या राहता त्या हद्दीत करा, पडताळणी तिथेच होते. आणि मुलुंड चेकनाक्याच्या पलीकडे राहत असाल, तर अर्जातल्या यादीत 'ठाणे शहर' निवडा, 'मुंबई' नको. माझी भाची कळव्याला राहते, ती कालच हे विचारत होती.